मुलाकडच्या मॅडम

१० नोव्हेंबर, सोमवार

आज बारावी 'ब'ला ग्रीक शोकांतिका सुरू केली. भोपाळमध्ये बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, तरी या नाटकाच्या पहिल्या तासाला माझा आवाज चढतोच. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले.

गोष्ट तशी थोडक्यात सांगण्यासारखी. नगराबाहेर तापाची साथ. राजाचा हुकूम असा की सूर्य बुडाला की वेस बंद, बाहेर राहिला तो बाहेर. राजाची मुलगी रोज बाहेर जाते, तिला लहानाची मोठी केलेल्या दाईची सेवा करायला. एका संध्याकाळी तिला उशीर होतो. दाराबाहेर कोण उभं आहे ते राजाला कळतं, आणि कळतं म्हणूनच तो दार उघडत नाही. आपल्या लेकीसाठी उघडलं तर लोक काय म्हणतील? सकाळी ती दाराशी मेलेली सापडते, आणि तिथून राजाचा नाश.

मुलांचा पहिला प्रश्न, "मॅम, नोट्स कब मिलेंगे?" अजून पान उलटलं नाही तोवर नोट्स. मीही देते म्हणा. राजाच्या स्वभावाचे माझे पाच मुद्दे शाळेत प्रसिद्ध आहेत. ते जसेच्या तसे लिहिले की बोर्डात मार्क कुठे जात नाहीत. पहिला मुद्दा न्यायनिष्ठा, आपला-परका न पाहणं. हा माझा आवडता.

क्षितिजा पोतनीस आजही गैरहजर. वर्गात मराठी ती एकटीच. डोकं चांगलं आहे, पण ऑगस्टपासून आठवड्याला दोन-दोन दिवस बुडवते. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर बोर्डाला बसता येत नाही, हे मी वर्गाला चार वेळा बजावून सांगितलं आहे. दुसरी कोणी असती तर एव्हाना बोलावून विचारलं असतं. पण आपल्यातल्या मुलांच्या बाबतीत मी हात आखडता घेते. तीन वर्षांपूर्वी वक्तृत्वाचं बक्षीस तुषार दाणीला दिलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "लग गया मराठी कोटा." सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मी नाही नेलं. तेव्हापासून आपल्या मुलांना अर्धा मार्क कमीच देते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

इंदूरहून वैशालीवन्संचा फोन. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. त्यांच्या सौरभचं क्षितिजाच्या बहिणीशी, प्रियाशी, ठरलं आहे आणि ते जुळवलं आहे मी. प्रिया पुण्याला नोकरी करते, सौरभही तिथेच. एप्रिलअखेर साखरपुडा.

वन्संची तक्रार अशी की विहीणबाई, म्हणजे प्रियाची आई, फोनवर येतच नाहीत. मी म्हटलं, "अहो, गणपतीला महाराष्ट्र मंडळात दिसल्या नाहीत, कोजागिरीलाही नाही. प्रियाच्या बाबांना, जितेंद्ररावांना विचारलं तर म्हणाले, पुण्याला बहिणीकडे गेली आहे. इतके दिवस? काहीतरी बिनसलं असेल नवरा-बायकोत."

बोलून गेले आणि मग वाटलं, नको होतं बोलायला. वन्संच्या पोटात काही राहत नाही. माझ्याही राहत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. पेपर वाचता वाचता हे म्हणाले, "शारदा, तुला नेमलंय का कोणी नवरा-बायकोचं बिनसलेलं सांगायला?" मी स्वयंपाकघरात निघून गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्षितिजा आली होती. वेशीचा प्रवेश वाचत होतो, माझा सगळ्यात रंगणारा तास, आणि ही बाकावर डोकं ठेवून चक्क झोपलेली. मी जाऊन बाकावर थाप मारली. दचकून उठली आणि तिची कापडी थैली खाली पडली. आतून मोठ्या दातांचा कंगवा, तेलाची छोटी बाटली, चमचा, दोन-चार रबरबँड. पोरं हसली. मी म्हटलं, "वा, ब्यूटी पार्लर काढलंय वाटतं!" तिने सगळं गोळा केलं.

तासाच्या शेवटी तिने हात वर केला. आश्चर्यच. "मॅम, गेटवर तिला कोणी विचारलं का नाही, की तू कुठून आलीस?"

मी सांगितलं, पहारेकऱ्याचं काम विचारायचं नसतं, पाळायचं असतं. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅम, ये एग्ज़ाम में आएगा?" तेवढ्यात घंटा झाली.

घरी येताना मनाला लागून राहिलं. ब्यूटी पार्लर म्हणायला नको होतं. पण वर्गात झोपायचं म्हणजे काय?

३ डिसेंबर

मीना तिवारी हिंदी शिकवते. आज डबा खाताना हळूच म्हणाली, "शारदा जी, उस पोतनीस बच्ची के मामले में थोड़ा नरम रहिए।"

मी म्हटलं, "काही असेल तर ती मला सांगेल. आमची भाषा एक, घरोबा आहे, आता नातंही जुळतंय."

"वो आपको नहीं बताएगी," मीना म्हणाली आणि भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला. तिची मेथी नेहमी कडू होते, तरी मी घेतली.

मला राग आला. मीनाला जे सांगायचं ते मला का नाही? आमच्या घरच्या दिवाळीच्या फराळाला लहानपणापासून आलेली पोर. बहुतेक मुलाबिलाचं प्रकरण असणार. मराठी बाईला कळलं तर मंडळभर होईल, ही भीती.

१९ डिसेंबर

सराव परीक्षेचे पेपर. "राजाच्या नाशाला जबाबदार कोण?" सहा मार्कांचा प्रश्न. एकोणचाळीस मुलांनी माझे पाच मुद्दे माझ्याच स्वल्पविरामांसकट लिहिले आहेत. क्षितिजाने लिहिलं आहे ते तिच्या साध्या इंग्रजीतून इथे मराठीत उतरवते, कारण सारखं डोक्यात घोळतंय:

"राजाचा नियम चुकीचा नव्हता. पण त्याने उशिराचं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तरी मुलीने खरं सांगितलं नसतं, कारण दाराच्या आतले सगळे तिच्या ओळखीचे होते. अनोळखी नगराच्या दाराशी ती असती तर तिने सांगितलं असतं. आजारी माणसाजवळ बसलेल्याला सूर्य कधी बुडाला ते कळत नाही, कारण खिडकीला जाळी असते आणि ट्यूब दिवसभर चालू असते."

ग्रीक नाटकात ट्यूबलाइट! मी लाल पेनने "विषयांतर" लिहिलं आणि दोन मार्क दिले. पाच मुद्द्यांपैकी एकही नाही, मी तरी काय करणार. दुसऱ्या कोणाला तीन दिले असते बहुधा.

२ जानेवारी

हजेरीची यादी पूर्ण केली. एकटी क्षितिजा खाली, त्रेसष्ट टक्के. साठच्या वर असेल आणि आजारपणाचे कागद जोडले असतील तर बोर्ड सूट देतं. शाळेने सात तारखेपर्यंत पाठवायचं. यादीत एक रकाना असतो, गैरहजेरीचं कारण.

प्रिन्सिपल सर म्हणाले, "मैडम, आपके समाज की बच्ची है, एक बार पूछ लीजिए।"

त्या "आपके समाज"ने माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, मेरे लिए सब बराबर हैं।" आणि रकान्यात लिहिलं, कारण कळवलेले नाही. सही केली.

पोतनीसांना फोन केला होता, एकदा. लागला नाही. परत केला नाही. मंडीदीपला कारखान्यात शिफ्ट असते त्यांची, शिफ्टमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो. हे मला माहीत होतं.

७ जानेवारी, बुधवार

यादी सकाळी गेली. दुपारी क्षितिजाला बोलावून सांगितलं की यंदा बोर्डाला बसता येणार नाही. वाटलं होतं रडेल, हातापाया पडेल. म्हणाली, "ठीक आहे मॅम." एवढंच. मग म्हणाली, "इंदूरच्या काकूंना सांगाल का, की अभ्यास झाला नाही म्हणून ड्रॉप घेतला?"

मला कळेना. वर्ष बुडतंय आणि हिला इंदूरची पडली आहे.

संध्याकाळी जितेंद्रराव शाळेत आले, कारखान्याच्या बुटांत. समोर बसले, कागद वाचला, दोनदा. "बरं मॅडम," म्हणाले. जाताना नमस्कारही केला. माणूस भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

हे म्हणाले, "तू तिला विचारलंस का, की का येत नाहीस?" मी म्हटलं, चाळीस मुलं असतात माझ्याकडे. "चाळिसाचं नाही विचारत," हे म्हणाले.

९ जानेवारी, शुक्रवार

आजचं लिहायचंच.

मीनाने आज मला लॅबच्या रिकाम्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "मैंने कसम तोड़ दी है," म्हणाली. "उसकी माँ अगस्त से अस्पताल में हैं। बीच-बीच में घर आती हैं, फिर भर्ती। दिमाग़ की बीमारी है। महिला वार्ड है, साथ में औरत ही रह सकती है। बाप रुक नहीं सकता, बहन पुणे में। बाकी दिन बाप ने एक आया लगा रखी है, वो दो दिन नहीं आती। तो कौन रुकेगा, बताइए?"

साकेत नगरातलं ते हॉस्पिटल. माझ्या रोजच्या रस्त्यावर. तिथल्या सिग्नलला मी रोज थांबते.

"तुला कधीपासून माहीत?"

"सितंबर से।"

"मग मला का नाही..."

"उसने कसम ही आपके नाम की दी थी। कि शारदा मैम को छोड़कर किसी को भी बता दीजिए।"



मग क्षितिजाला बोलावलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं तेही तक्रारीचंच. "अगं, मला परकी समजलीस का?"

"नाही मॅम," ती म्हणाली. "परक्या असता तर सांगितलं असतं. तुम्ही मुलाकडच्या ना."

मग म्हणाली, "बाबा पण म्हणाले होते, सगळ्यांना सांग, बर्वे मॅडमना नको. गणपतीत कोणीतरी इंदूरला फोनवर बोललं म्हणे आईबद्दल. तेव्हापासून बाबा घाबरलेत."

गणपतीतही मी बोलले होते तर. मला आठवतसुद्धा नाही. एवढं सहज बोलते मी.

तो कंगवा, ती तेलाची बाटली. आईचे केस विंचरायला नेत होती पोर. मी सगळ्या वर्गासमोर काय बोलले! लाज वाटते. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

१० जानेवारी, शनिवार

सरांकडे गेले. म्हणाले, यादी बदलता येईल, पण कागदांसोबत वर्गशिक्षिकेचं पत्र लागेल की आधी चुकीचं का लिहिलं. "और साफ़ लिखना पड़ेगा कि आपने पूछा ही नहीं था। गोल-मोल लिखेंगी तो वो लौटा देंगे।"

मी लगेच हो म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. पुढच्या वर्षी मला परीक्षाप्रमुख करणार होते. बावीस वर्षांत एक मेमो नाही.

पण खरी अडचण क्षितिजाच. "कागदावर आईच्या आजाराचं नाव येणार असेल तर नको, मॅम. ऑफिसातून जाईल ना ते?"

ऑफिसात विश्वास कुलकर्णी आहेत. आमच्या मंडळाचे चिटणीस. त्यांच्या टेबलावरून गेलेला कागद संध्याकाळी मंडळात आणि सकाळी इंदूरला. मी हे दुसऱ्या कोणाबद्दल लिहिते आहे, वा!

मी म्हटलं, "अगं, वर्ष जाईल तुझं."

"वर्ष परत मिळेल," ती म्हणाली. "ताईला सौरभदादा परत नाही मिळणार. तिला खूप आवडतो तो, मॅम. कॉलेजपासून. तुम्हाला वाटतं तुम्ही जुळवलं, पण ताईनेच बाबांना सांगितलं होतं की स्थळ तुमच्याकडून येऊ दे."

मी विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"ताई सांगणार आहे. पण स्वतः. दुसऱ्याकडून कळायला नको."

सतरा वर्षांची मुलगी. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं की कोणती गोष्ट कोणी बोलायची.

१२ जानेवारी, सोमवार

पत्र लिहिलं. घरी, हाताने, तीन वेळा फाडून. शेवटी एवढंच राहिलं: "विद्यार्थिनीच्या गैरहजेरीचे कारण मी तिला किंवा पालकांना विचारले नाही. ही चूक माझी आहे." इंग्रजीत हे वाक्य फार छोटं दिसतं.

डॉक्टरांचा दाखला बंद पाकिटात. जावक क्रमांक घ्यायला कुलकर्णींकडे गेले तर म्हणाले, "काय एवढं बंदोबस्तात, वहिनी? पोतनीसांचं का?" मी म्हटलं, "परीक्षेचं गोपनीय आहे." त्यांनी पाकीट उजेडाकडे धरल्यासारखं केलं. मी काढून घेतलं. बोर्डाच्या विभागीय कार्यालयात स्वतः नेऊन दिलं, अडीच तास बाकावर बसून. तिथल्या बाईंनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "ये आपने ही लिखा है?" हो म्हटलं. "ऐसा कोई लिखता नहीं है," म्हणाल्या आणि शिक्का मारला. उशिरा आलंय, मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

२९ जानेवारी

परवानगी आली! मीनाने मला स्टाफरूममध्ये मिठी मारली. क्षितिजा म्हणाली, "थँक यू मॅम," आणि मला तिच्याकडे पाहवेना.

दुपारी मेमो आला. बारावीचं वर्गशिक्षकपण गेलं, परीक्षाप्रमुख दुसरं कोणी होईल. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू आहे की मराठी मुलीसाठी मॅडमनी यादी फिरवली. ज्याला इतकी वर्षं भ्याले तेच झालं. वाईट वाटलं, पण भ्याले होते तेवढं नाही.

रात्री वन्संचा फोन. "तू म्हणाली होतीस ना बिनसलंय म्हणून? मी जितेंद्ररावांना सरळ विचारू का?"

"नका विचारू," म्हटलं. "मी उगाच बोलले होते."

"उगाच? तू?" वन्सं हसल्या. त्यांना फसवते आहे असं वाटतं. सौरभ माझाही भाचा आहे. प्रियाने सांगेपर्यंत तरी गप्प राहायचं, एवढंच ठरवलं आहे. बरोबर की चूक, मला खरंच कळत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज इंग्रजीचा पेपर. क्षितिजाची आई, मंजूषाताई, आठ दिवसांपूर्वी परत भरती झाल्या. आया गावी गेलेली, प्रियाला शनिवारशिवाय येता येत नाही. काल जितेंद्रराव मीनाला विचारत होते, पण तिची परीक्षेवर ड्यूटी होती. इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीच्या शिक्षकांना ड्यूटी नसते. मी म्हटलं, मी बसते. ते नको नको म्हणत राहिले. क्षितिजाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, बसू दे मॅमना."

सकाळी आठला पोचले. क्षितिजाने आईचे केस विंचरले होते. मला सांगितलं, औषध साडेदहाला, गोळी जिभेखाली लपवते, बघायचं. पाणी कोमट. मग पेपरला गेली.

गणपतीत आरती म्हणताना ज्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा त्या मंजूषाताई खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. पंधरा वर्षांची ओळख. ओळखलं नाही. साडेदहाला मी गोळी दिली, तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी लहान मुलासारखं उघडलं.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं कोण आहे इथे?"

मी म्हटलं, "आहेत एक."

"घरी सांगितलंय सगळ्यांना?"

"नाही."

"नका सांगू," त्या म्हणाल्या. माझा हात धरला. "माझ्या मोठीचं इंदूरला ठरलंय. चांगली माणसं आहेत. पण त्यांच्यातल्या एक बाई भोपाळलाच असतात, शाळेत. त्यांना कळलं ना, की संपलं. पोरीचं लग्न मोडेल माझ्यामुळे. तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही बोलणार."

"ओळखता का तुम्ही त्या बाईंना?"

पर्समध्ये फोन थरथरत होता. वन्संचं नाव होतं. मी तो बंद केला.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही ओळखत त्यांना."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझा हात तसाच धरून आडव्या झाल्या. क्षितिजाचा पेपर दीडला सुटणार होता. दीडपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.